नापास होण्याचं बिल कोण भरतं?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात दोन फोटो ठरलेले असतात. एक, नव्वद-पंचाण्णववाल्या मुलीला पेढा भरवणाऱ्या आईबाबांचा. दुसरा, सगळ्या विषयांत बरोब्बर ३५ मिळवलेल्या मुलाचा. गेली काही वर्षं हा दुसरा फोटो पहिल्यापेक्षा जोरात फिरतो. मित्रांनी खांद्यावर उचललेला, गुलालाने माखलेला, गुणपत्रिका छातीशी धरून हसणारा मुलगा. चॅनेलवाले त्याच्या घरी जातात, आईला ‘कसं वाटतंय?’ विचारतात, आई लाजत हसते, आणि रात्रीपर्यंत ती क्लिप सगळ्या ग्रुपवर पोचलेली असते.

त्या मुलावर माझा अजिबात राग नाही. ३५ म्हणजे पास. ज्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, त्या घरात ३५ला पेढे वाटले तर ते योग्यच आहे. माझा प्रश्न त्या फोटोचं पुढे काय होतं, याबद्दल आहे. दोन दिवसांत तो मुलगा बाजूला पडतो आणि त्याच्या ३५चा ब्रँड होतो. नववीतली पोरं ती क्लिप स्टेटसला ठेवतात, खाली लिहितात ‘आपला आदर्श’. कुणीतरी ‘टॉपर नोकरी करतात, बॅकबेंचर त्यांना नोकरीवर ठेवतात’ हे रील जोडतं. आइनस्टाईन गणितात नापास झाला होता, असा फॉरवर्ड येतो. तो खोटा आहे. आइनस्टाईन पंधराव्या वर्षाच्या आतच कॅल्क्युलस शिकला होता. बिल गेट्सने कॉलेज सोडलं हे खरं, पण सोडलं ते हार्वर्ड. तिथे आधी प्रवेश मिळवावा लागतो, हे फॉरवर्डमध्ये नसतं.

मी संत तुकाराम नगरात वाढलो. सिनेमे आणि पुस्तकं यांवर लिहितो. त्यामुळे ‘आजकालच्या पोरांना अभ्यास नको’ असा कीर्तनी सूर मला लावायचा नाही. मला त्या ‘कूल’कडे एखाद्या गोष्टीकडे बघावं तसं बघायचंय. ही गोष्ट कुणी रचली, तिचा हिरो कोण, आणि शेवटी बिल कुणाच्या टेबलावर येतं?

आधी एक गोष्ट नीट बघू. कूल नेमकं काय असतं? नुसतं नापास होणं कुणालाच कूल वाटत नाही. रात्री दोनपर्यंत जागून, क्लास लावून, वही भरून जो मुलगा नापास होतो, त्याला कुणी खांद्यावर घेत नाही. त्याच्याकडे सगळे कीव आल्यासारखे बघतात. कूल असतो तो पुस्तकाला हातही न लावता पेपरला बसलेला. पेपरच्या आधी वर्गाबाहेर चालणारा संवाद आठवा. ‘झाला का रे अभ्यास?’ ‘छे, काहीच नाही वाचलं.’ ‘मी तर काल मॅच बघत होतो.’ हे वाक्य हुशारही म्हणतात आणि ढही म्हणतात. हुशाराला त्यातून फुकटची चमक मिळते. ढ ठरवलेल्याला ढाल मिळते. अभ्यास न करता नापास झालो तर ती माझी मर्जी. अभ्यास करून नापास झालो तर तो माझ्या डोक्यावर बसलेला शिक्का. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने यातलं पहिलं निवडलं, तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं?

आमच्या वर्गात एक मुलगा होता. संध्याकाळी ‘ग्राउंडला जातोय’ सांगून निघायचा आणि थेट अभ्यासिकेत जाऊन बसायचा. बॅटच्या पिशवीत भूमितीचं पुस्तक. मित्रांना कळलं असतं तर त्याला ‘घासू’ हे नाव पडलं असतं, आणि घासूला टीममध्ये जागा नसते. अभ्यास लपवावा लागत होता, जशा काही घरांत सिगारेटी लपवाव्या लागतात. शाळेने त्याला ढ ठरवलं होतं, मित्रांना तो बिनधास्त म्हणून हवा होता, आणि या दोन्हींच्या मधे तो रोज सात वाजता चोरासारखा गणितं सोडवत होता.

ही लाज आली कुठून? थोडी आपल्या वाचनातूनही आली आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमी मिळाली. त्यातला सखाराम गटणे सगळ्यांना माहीत आहे, पुस्तक न वाचलेल्यांनाही. छापील मराठीत बोलणारा, वाचून वाचून पुस्तकच झालेला पोरगा. पुलंनी त्याच्याकडे मायेने पाहिलंय, त्याची चेष्टा करतानाही. माया पुस्तकात राहिली आणि आपण फक्त चेष्टा उचलली. आज ‘गटणे आहे तो’ म्हटलं की अर्थ एकच: पुस्तकी, बावळट, आयुष्य न जगलेला. मराठीत वाचणाऱ्या मुलाला चिडवायला इतकं नेमकं नाव आहे. न वाचणाऱ्याला चिडवायला असं एखादं नाव तुम्हाला आठवतं का? मला नाही आठवत.

दुसऱ्या टोकाला भालचंद्र नेमाड्यांचा ‘कोसला’, १९६३. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग यांत पैसे आणि वर्षं घालवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. मराठीतला हा सगळ्यात प्रभावी नापास हिरो. कॉलेजात असताना आमच्यातल्या निम्म्यांनी दर वाक्यात ‘उदाहरणार्थ’ घालून बोलून पाहिलंय. कादंबरी थोर आहे, तिच्यातलं रितेपण खरं आहे, आणि पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं वाचल्यावर कुणाला ती पोझ वाटणार नाही. पण कादंबरीत एक साधी गोष्ट आहे, जिच्याकडे तिचे चाहते लक्ष देत नाहीत. पांडुरंगला परत जायला घर आहे. बापाची शेती आहे, गावात बापाचं वजन आहे. बापाशी कितीही वाजलं तरी दोन वेळचं ताट आहे. पुण्यात त्याने उडवलेले पैसेही बापाचेच. त्याचं नापास होणं हा जगण्याबद्दलचा प्रश्न होऊ शकतो, कारण ते उद्याच्या जेवणाबद्दलचा प्रश्न नाही. नेमाड्यांनी हे लपवलेलं नाही, पानोपानी लिहिलंय. त्याच्यासारखं बोलायला शिकलेल्या आपण मात्र शेतीचा भाग वगळला आणि कंटाळा तेवढा घेतला.

मग सिनेमा. ‘३ इडियट्स’ (२००९) बघून बाहेर पडलेल्या पिढीला वाटतं की त्या सिनेमाने मार्कांची खिल्ली उडवली. जरा आठवून बघा. मार्कांच्या मागे लागू नका म्हणणारा रँचो प्रत्येक परीक्षेत पहिला येतो. तळाला असतात त्याचे दोन मित्र, आणि त्यांची फी, त्यांच्या घरचं दारिद्र्य, त्यांची भीती यांतून सिनेमातलं सगळं दुःख येतं. पहिल्या नंबरावर बसून ‘नंबर महत्त्वाचा नाही’ म्हणणं सोपं असतं. या पात्राशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या सोनम वांगचुक यांचं काम नेमकं उलट्या टोकाचं होतं. लडाखमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेने दहावीत नापास झालेल्या मुलांनाच जवळ केलं आणि त्यांना घेऊन इमारती बांधल्या, सौरऊर्जेचे प्रयोग केले. तिथे नापास हा शेरा कूल नव्हता आणि कलंकही नव्हता. तिथून कामाला सुरुवात व्हायची. पडद्यावर ही मुलं जवळजवळ नाहीतच. पडद्यावर जीनियस आहे.

रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ जानेवारी २०१४मध्ये आला तेव्हा आमच्याकडे थिएटरात शिट्ट्यांनी कान बधिर झाले होते. दहावीत नापास झालेला, घरोघर पेपर टाकणारा दगडू परब, आणि त्याच्या प्रेमात पडणारी, शिस्तीच्या घरातली प्राजक्ता लेले. प्रथमेश परबने दगडूला जी ऐट दिली ती मला आजही आवडते. वस्तीतला मुलगा मान खाली न घालता हिरो म्हणून उभा राहतो, हे मराठी पडद्यावर रोज घडत नव्हतं. शिट्ट्या त्यासाठी होत्या आणि त्या रास्त होत्या. फक्त त्या ऐटीत नापास असणं हे दगडूच्या केसांच्या वळणासारखं झालं, त्याच्या स्टाइलचा एक भाग. प्राजक्ताचे वडील त्याला दारात उभं करत नाहीत, तेव्हा त्यात वस्ती, पैसा, आडनाव, शिक्षण सगळं असतं. पण सिनेमा आपल्याला सांगतो की हा प्रेमाचा आणि खडूस बापाचा प्रश्न आहे. २०१५च्या दुसऱ्या भागात दगडू एकदम मोठा होऊन भेटतो, नवा नट घेऊन. मला मधली वर्षं बघायची होती. दहावी नापास मुलगा अठराव्या वर्षी काय करतो, बावीसाव्या वर्षी कुठल्या गेटवर उभा असतो, ते.

या सगळ्यांच्या आधी, २००२ साली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘दहावी फ’ केला होता. शेवटच्या तुकडीतली मुलं. शाळेने त्यांना कधीच सोडून दिलेलं, ‘अ’ तुकडी त्यांना हिणवते, आणि एके दिवशी रागाच्या भरात ती शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णीने केलेले सर त्यांना पाठीशीही घालत नाहीत आणि वाऱ्यावरही सोडत नाहीत. नुकसान भरून द्यायचं ठरतं, आणि मुलं कामं करून पैसे जमवू लागतात. या सिनेमातल्या मुलांनाही उद्धटपणाची ढाल आहे. पण दिग्दर्शक ढालीमागची जखम दाखवतात, आणि मग फुटलेल्या काचांचा हिशेबही मांडतात. बिल कुणाचं, हा प्रश्न विचारणारा तो सिनेमा आहे. आज त्याची रील्स फिरत नाहीत. फिरतात ती दगडूची.

पिंपरीतल्या आमच्या रस्त्यावर हे बिल कसं येतं, तेही सांगतो.

संत तुकाराम नगर म्हणजे एका बाजूला वायसीएम हॉस्पिटल, जवळच मोठमोठी कॉलेजं, म्हाडाच्या जुन्या इमारती, वल्लभनगरचा एसटी स्टँड, आणि मार्च २०२२पासून मेट्रोचं स्टेशन. पलीकडे भोसरी एमआयडीसी, नाशिक रस्त्याने पुढे चाकण. पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणारे आणि रात्रभर असाइनमेंट लिहून चहाला उतरलेले एकाच टपरीवर भेटतात. तिथे मी एकाच विनोदाच्या दोन आवृत्त्या शेकडो वेळा ऐकल्या आहेत.

पहिली आवृत्ती इंजिनीअरिंगवाल्यांची. ‘माझ्या चार बॅक.’ ‘माझ्या पाच, एम-थ्री तिसऱ्यांदा.’ ‘मला तर वायडीच लागली, डायरेक्ट लेजंड.’ हसतात, टाळी देतात. दुसरी आवृत्ती बसवाल्यांची. ‘आपण दहावीला सायन्सला टांग दिली, आज कुठे अडलं?’ तेही हसतात. टाळी तीच, चहाही तोच. फरक असा की वायडी लागलेल्याची वर्षाची फी नांदेडहून किंवा नगरहून बाप परत भरतो. दुसऱ्याची फी भरायला कुणी नाही, म्हणून तो बसच्या रांगेत आहे.

या पट्ट्यात एक वाचनसाहित्य सगळ्यात जास्त वाचलं जातं आणि त्यावर कुणी समीक्षा लिहीत नाही. विजेच्या खांबांवर, एसटी स्टँडच्या भिंतींवर, आता व्हॉट्सअ‍ॅपवरही असलेली जाहिरात: ‘पाहिजेत. हेल्पर, पॅकिंग, लोडिंग. दहावी पास/नापास. त्वरित जॉइनिंग. राहण्याची सोय.’ त्यातली ती तिरकी रेघ नीट वाचा. ती रेघ सांगते की या कामाला तू पास असलास काय आणि नापास असलास काय, आम्हाला फरक पडत नाही, कारण तू इथे फार काळ राहणार नाहीस. टपरीवरच्या मुलाला ती रेघ विजयासारखी वाटते. बघ, शाळा म्हणत होती वाया जाशील, इथे तर चालतंय.

चालतं, सात महिने. कामगार कायद्यात सलग सेवेसाठी २४० दिवसांचा हिशेब आहे, आणि तो पूर्ण व्हायच्या आत ‘ब्रेक’ देण्याची पद्धत या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत असते. मग दुसरा ठेकेदार, दुसरं गेट, दुसरा गेटपास. त्याच शॉपफ्लोअरवर मशीनवर उभा राहायचा रस्ता आयटीआयमधून जातो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट या ट्रेडना दहावी पास लागते. वेल्डरसारख्या काही ट्रेडना नापासही चालतो. म्हणजे ज्या सायन्सला टांग दिली, ती टांग नेमकी त्या दारात आडवी येते. आणि हे कळतं तेव्हा वय एकवीस असतं, घरी धाकटी बहीण शिकत असते आणि पुन्हा फॉर्म भरायला लाज वाटते, कारण मधली पाच वर्षं आपण टपरीवर सांगत आलेलो असतो की आपलं काही अडलं नाही.

एक इंग्लिश अभ्यासक, पॉल विलिस, यांनी १९७७मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘लर्निंग टू लेबर’. इंग्लंडच्या कारखानदारी भागातल्या एका गावातले बारा कामगार-पोरगे, शाळेला फाट्यावर मारणारे. अभ्यास करणाऱ्यांना त्यांनी ठेवलेल्या नावाचा अर्थ साधारण ‘नुसते कानच’, म्हणजे जे फक्त ऐकतात ते. आपला घासू. विलिस यांना दिसलं ते असं की ही मुलं मठ्ठ नव्हती. ‘शिका, मोठे व्हा’ हे आश्वासन सगळ्यांसाठी नाही, हे त्यांनी हुशार मुलांच्याही आधी ओळखलं होतं. पण त्या ओळखीतून आलेली मस्तीच त्यांना बापाच्याच कारखान्यात, बापाच्याच जागी नेऊन उभी करत होती. बंड केल्यासारखं वाटत होतं, आणि पोचत होते तिथेच, जिथे त्यांना पोचवायचं आधीच ठरलं होतं.

हे वाचताना मला पिंपरी दिसते, एका फरकासह. त्या पोरांना निदान बापाची नोकरी मिळत होती. आमच्याकडे १९५४ साली एच. ए. आली, नंतर टेल्को आली, बजाज आली. सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून आलेली आमच्या आधीची पिढी जेमतेम शिक्षणावर ‘पर्मनंट’ झाली, तिने घरं घेतली, पोरं शिकवली. ‘शाळेने काय होतंय, कंपनीत तर जायचंय’ हे वाक्य त्या काळी निम्मं तरी खरं होतं. आज बाप ते वाक्य अभिमानाने सांगतो आणि मुलगा ते वारसा म्हणून उचलतो. मधल्या काळात पर्मनंट हा शब्द लग्नाच्या बायोडेटात दुर्मीळ झाला, हे दोघंही एकमेकांना सांगत नाहीत.

या सगळ्या गोष्टीत मुली कुठे आहेत? सगळ्या विषयांत ३५ मिळवलेल्या मुलीची वरात मी पाहिलेली नाही. नापास मुलगी हिरोईन असलेला, तिच्या मस्तीवर शिट्ट्या पडणारा मराठी सिनेमा मला आठवत नाही. कारण सरळ आहे. मुलगा नापास झाला तर ‘अजून लहान आहे’ असं म्हणतात, मुलगी नापास झाली तर स्थळं बघायला घेतात. तिच्यासाठी शाळा हा घराबाहेर पडण्याचा परवाना असतो, तो ती गंमत म्हणून फाडू शकत नाही. नापास होण्याचं कूल हे मुलग्यांसाठी राखीव आहे, यावरूनच कळतं की ते बंड नाही. थोडी जास्तीची सूट मिळालेल्यांचा तो खेळ आहे.

आणि याच शहरात, पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी चौदा एप्रिलला उभे राहा. पुस्तकांच्या स्टॉलवर लहान पोरं पैसे मोजून पुस्तकं घेताना दिसतील. त्या परंपरेत शिकणं हेच बंड होतं, कारण शिकायलाच बंदी होती. इथून मेट्रोने गेलात तर तासाभरात भिडेवाड्याच्या जागेपाशी पोचाल, जिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि शाळेत जाताना अंगावर शेण झेललं. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) वाचा. त्यात शाळा गोड नाही, अपमान करणारी आहे, पण तिला टांग मारण्याची ऐट तिथे कुणाला परवडत नाही. ‘बॅकबेंचर’ ही पदवी मिरवण्याआधी एवढं लक्षात ठेवावं की मागे बसणं ही काहींची निवड होती आणि काहींना तिथे बसवलं जात होतं.

वाद फारच रंगला की आमच्याकडे कुणीतरी हुकमी पत्ता टाकतं: तुकाराम महाराज कुठल्या शाळेत गेले होते? नगराला त्यांचं नाव, त्यामुळे पत्ता चालतो. पण महाराजांनी स्वतः अभंगातून सांगितलंय की त्यांनी संतांची वचनं श्रद्धेने पाठ केली. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर बसून त्यांनी जे केलं, त्याला साध्या मराठीत अभ्यास म्हणतात. ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांनी त्यांना लिहायचा हक्क नाकारला, तेव्हा ‘मला नकोच तो’ असं ते म्हणाले नाहीत. लिहीत राहिले. अडाणीपणाचा दाखला म्हणून त्यांचं नाव वापरणं हा त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलू, नाहीतर हा लेख पालकसभेतलं भाषण होईल. शाळेत मानाची एकच खुर्ची असेल आणि ती टॉपरसाठी राखून ठेवलेली असेल, तर उरलेले एकोणसाठ जण दुसरीकडे खुर्ची शोधणारच. क्लासवाले चौकात पंचाण्णव टक्क्यांचे फ्लेक्स लावतात, पोरं उत्तर म्हणून ३५चा फ्लेक्स लावतात. दोन्ही फ्लेक्सवाले एकमेकांच्या जिवावर जगतात. दोन्हींत ५७ टक्केवाला कुठेच नसतो. त्याने घासलंही, त्याला जमलंही थोडंफार, पण त्याची बातमी होत नाही, मीमही होत नाही.

सरकारने काय केलं? गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ शब्द काढला आणि त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. हेतू चांगला असेल. पण पोरांनी आठवड्याभरात त्याचा विनोद केला. ‘काय रे, झाला का कौशल्य विकास?’ शब्द बदलला तरी अपमान ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. शिवाय त्या शेऱ्यातून आपण वर्कशॉपमध्ये हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की कौशल्य म्हणजे उरलेल्यांची सोय. ज्या शहराचं पोट टर्नर आणि फिटर यांच्या हातांवर चालतं, त्या शहरात हे सांगितलं.

म्हणून मला त्या मस्तीवर रागवता येत नाही आणि तिला सलामही करता येत नाही. त्या पोराने शाळेबद्दल जे ओळखलंय ते बरंचसं बरोबर आहे. त्यावर त्याने काढलेला उपाय त्याचंच नुकसान करतो, आणि आपण लिहिणारे, सिनेमे काढणारे, क्लिप फॉरवर्ड करणारे लोक त्या उपायाला गुलाल लावतो. आपल्या हिरोंना शेत असतं, पटकथा असते, दुसरा भाग असतो. फॉरवर्ड वाचणाऱ्याला यातलं काही नसतं.

मला अशी एखादी गोष्ट वाचायची आहे, एखादा सिनेमा बघायचा आहे, ज्यात मुलगा प्रयत्न करतो, तो करताना दिसतो, आणि तरी आपटतो, आणि कुणी त्याला हसत नाही. मराठीत जीनियस झाले, टपोरी झाले. भूमितीचं पुस्तक बॅटच्या पिशवीत लपवणारा अजून आलेला नाही.

त्याला शोधायचं असेल तर मोसम आहे फेरपरीक्षेचा. २०१५पासून दहावीची फेरपरीक्षा त्याच वर्षी होऊ लागली, म्हणजे वर्ष वाया जात नाही. निकालाचा गुलाल तोवर वाळून गेलेला असतो. पावसात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं हॉलतिकीट घेऊन काही मुलं-मुली केंद्राच्या गेटवर उभी असतात. एक विषय, दोन विषय, काहींचे त्याहून जास्त. सोबत मित्रांची टोळी नसते, कधी कधी रिक्षा बाजूला लावून बाप उभा असतो. तिथे कॅमेरा कधी जात नाही. बरंच आहे ते. पण त्यांच्यातला एखादा तुमच्या गल्लीत, तुमच्या ग्रुपवर असेल. त्याला ‘भावा, काहीच वाचलं नाही ना?’ असं विचारू नका. ‘किती झालं?’ एवढं विचारा.